नळी, पिशवी आणि तिघांची टोळी

सर्जन मंडळींचे किस्से पार्टीत चालतात. हृदयवाल्यांचे तर लग्नाच्या पंगतीतही चालतात. लोक घास हातात धरून ऐकतात. आमचे किस्से लघवीचे. ते जेवताना सांगता येत नाहीत, पाहुण्यांसमोर सांगता येत नाहीत आणि सूनबाईंच्या माहेरच्यांसमोर तर मुळीच नाहीत. त्यामुळे ते खर्चच होत नाहीत, नुसते साठत जातात. मग कधीतरी तुमच्यासारखे चार जण भेटले, सगळ्यांचा चहा पिऊन झाला, की वाटतं, सांगून टाकावेत. चहा पिऊन झालाय ना सगळ्यांचा? मग ऐका.

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन सकाळी जातो, सल्लागार म्हणून. डॉ. प्रज्ञा गजभिये तिथली प्रमुख. एकेकाळी माझी विद्यार्थिनी होती. मूळची नागपूरकडची, पण पुण्यात राहून पुणेकरांपेक्षा कमी बोलायला शिकली आहे. ती माझा सल्ला घेते की मला चहा पाजून घरी पाठवते, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

माझी अडचण अशी, की मत देताना मला खात्री असते. बसमध्ये बसलो की ती कमी होते. वारज्याचा पूल आला की संपते. मग मी लॅबला फोन करतो, "प्रज्ञा, मघाशी मी म्हणालो ते कदाचित बरोबर नसेल." घरी जाऊन जेवलो की आणखी एक फोन, "म्हणजे, असेलही बरोबर."

एकदा मी दारात उभा असताना आमची टेक्निशियन कविता एका नव्या मुलीला काम समजावून सांगत होती. "हे बघ, सर काही बोलले की लगेच रिपोर्ट पाठवायचा नाही. त्यांचा पहिला फोन आला की काही खोडायचं नाही. दुसरा फोन येऊन गेला की रिपोर्ट पाठवून द्यायचा."

मी खजील होऊन प्रज्ञाकडे पाहिलं. ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका सर. तुमच्या शंका फिटेपर्यंत बॅक्टेरियाही नीट वाढतात!"

*

आता मेश्रामांची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून आहे.

विश्वनाथ मेश्राम म्हणजे वारज्याला आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. रोज संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळतो. मी खेळी मागे घेतो, ते घेऊ देतात, अशी मैत्री.

एके दिवशी त्यांची लघवी अडली. प्रोस्टेट. डॉ. चौबळ नावाचे आमच्याच हॉस्पिटलचे युरॉलॉजिस्ट आहेत, त्यांनी कॅथेटर घातला आणि म्हणाले, "ऑपरेशन करून टाकू. तोपर्यंत ही नळी आणि ही पिशवी."

कोणीही माणूस अशा वेळी दुखेल का, धोका आहे का, असं विचारतो. मेश्रामांनी विचारलं, "नळीचा व्यास किती? आणि उतार कुठून कुठे धरायचा?"

चौबळांनी आनंदाने सांगितलं, की पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी. मेश्रामांनी ते खात्याच्या आदेशासारखं मनावर घेतलं. सुमनवहिनींनी साडीच्या दुकानातली एक कापडी पिशवी धुऊन काढली, आत ती दुसरी पिशवी ठेवली, आणि मेश्राम ती हातात धरून सोसायटीत फिरू लागले. लांबून वाटावं, गृहस्थ भाजी घेऊन चाललेत.

तिथेच घोटाळा झाला. खराडीला आयटी कंपनीत जाणारा एक सज्जन तरुण लिफ्टमध्ये भेटला. म्हाताऱ्या माणसाच्या हातात ओझं पाहून त्याचे संस्कार जागे झाले. "द्या काका, मी धरतो," म्हणत त्याने पिशवी घेतली आणि लिफ्टमध्ये गर्दी म्हणून छातीशी उंच धरली.

"अहो, खाली! खाली धरा!" मेश्राम ओरडले.

तरुण घाबरला. "सॉरी काका! काही सांडलं का?"

"सांडलं असतं तर परवडलं असतं," मेश्राम म्हणाले. "परत गेलं!"

*

ऑपरेशनच्या आधी लघवी तपासायची पद्धत आहे. लघवीत जंतू असताना हत्यार लावलं तर ते रक्तात जाऊ शकतात. त्यामुळे चौबळांची अट साधी होती: रिपोर्ट नीट आला की ऑपरेशन, नाहीतर नाही. आणि जितके दिवस ऑपरेशन लांबेल तितके दिवस नळी आत, आणि नळी जितके दिवस आत तितके जंतू जास्त. म्हणजे मेश्रामांचं सगळं त्या रिपोर्टवर अडलं होतं.

रिपोर्ट आला. तीन प्रकारचे जंतू. अशा वेळी जगातल्या बहुतेक लॅब जे लिहितात तेच आमच्या लॅबने लिहिलं: 'नमुना दूषित. पुन्हा पाठवा.' यामागे कारण आहे. सर्वसाधारण माणसाच्या मूत्राशयात एकाच जातीचा जंतू गडबड करतो. तीन दिसले तर समजायचं, बाटली नीट धरली नव्हती, बाहेरचं काहीतरी आत पडलं.

पण सुमनवहिनींनी 'दूषित' हा शब्द वाचला आणि त्यांना तो घराण्यावरचा डाग वाटला. त्यांनी बाथरूम फिनाइलने घासलं. नवऱ्याला घासलं. दुसरा नमुना गेला. पुन्हा तिघे. पुन्हा 'दूषित'. मग त्यांनी घरातला नळसुद्धा चिंचेने घासला. तिसरा नमुना. तेच तिघे!

त्या रिपोर्ट घेऊन माझ्या दारात आल्या. "भाऊजी, माझ्या घरात पाय ठेवायच्या आधी लोक चप्पल तर काढतातच, वर पाय पुसतात. आणि तुमचे लोक मला तीनदा दूषित म्हणतात?"

"वहिनी, तो शब्द तुमच्यासाठी नाही हो, नमुन्यासाठी..."

"नमुना आमच्याच घरचा ना? तुमच्या लॅबमध्ये एकदा मला जाऊ द्या. फक्त एक तास, आणि एक घासणी!"

मी हे प्रज्ञाला सांगितलं. ती हसली नाही. तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून म्हणाली, "सर, कचरा दर वेळी वेगळा असतो. हे तिन्ही वेळा तेच तिघे आहेत. कचरा इतका शिस्तीत वागत नाही."

नळी असलेल्या माणसाच्या बाबतीत गर्दी हीच बातमी असू शकते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि रिपोर्टवर लिहिणं यांत वारज्याच्या पुलाएवढं अंतर आहे.

*

प्रज्ञाने चौबळांना फोन केला. मी समोरच बसलो होतो. त्यांचा आवाज फोनच्या बाहेर येतो.

"मॅडम, मला एक नाव सांगा. आरोपी एक असला की औषध एक देता येतं."

"एक नाहीये सर. टोळी आहे."

"मग म्होरक्या कोण?"

"प्रोटियस जास्त दिसतोय, पण..."

"झालं तर! पण वगैरे राहू दे."

म्होरक्याचं औषध सुरू झालं. बारीक ताप होता तो उतरला, सगळे खूश झाले, आणि काही दिवसांनी नळी आतून चुन्यासारख्या पांढऱ्या खड्यांनी बुजली. नळी बदलली, औषध दिलं. पुन्हा ताप, पुन्हा खडे. ऑपरेशन पुन्हा पुढे.

मेश्राम कंटाळले होते. बुद्धिबळाच्या पटावर हात टेकून म्हणाले, "प्रोफेसर, शत्रू कोण आहे ते तरी सांगा. मी सरकारी नोकरी केली आहे, मला काही ऐकायची भीती नाही."

मी त्यांना सांगितलं, की प्रोटियस लघवीतला युरिया फोडतो. त्यातून अमोनिया होतो, लघवी आम्लाकडून सोड्याच्या बाजूला झुकते आणि तिच्यातले क्षार खडे होऊन बसतात. दुसरा जो आहे, प्रोव्हिडेन्शिया, तो नळीला चिकटून राहण्यात पटाईत. त्याचा बुळबुळीत थर बसला की त्यात सगळ्यांची सोय होते आणि औषध आतपर्यंत नीट पोचत नाही.

"म्हणजे एक गाळ आणतो आणि एक शेवाळ धरतो," मेश्राम म्हणाले. "कालव्यात असंच असतं. आणि तो तिसरा?"

"एन्टेरोकॉकस. तो एकटा असता तर कदाचित फार काही केलं नसतं. पण तो नुसता शेजारी बसला, की प्रोटियस आणखी जोरात काम करतो, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. अर्थात तुमच्या नळीत तसंच होत असेल असं छातीठोकपणे मला..."

"थांबा, कळलं," मेश्राम म्हणाले. "स्वतः काही करत नाही, नुसता बसतो, आणि त्याच्या बसण्याने दुसरे जास्त खातात. ओळखतो मी याला. आमच्या प्रत्येक ऑफिसात एक होता!"

*

चौबळांना पटवायचं कसं? प्रज्ञा म्हणाली, "सर्जनला वाचायला देऊन उपयोग नाही. दाखवायला पाहिजे."

तिने ठरवलं, की चार नळकांड्यांत स्वच्छ लघवी घ्यायची, प्रत्येकात कॅथेटरचा तुकडा टाकायचा, पहिल्या तिन्हींत एकेक जंतू आणि चौथ्यात तिघे एकत्र.

अर्थात लघवी कोणाची, हा प्रश्न आला. निरोगी माणसाची हवी होती. कविता बाटल्या घेऊन सगळीकडे फिरली. जो तो म्हणाला, "अरेरे, आत्ताच जाऊन आलो!" सबंध विभाग त्या सकाळी कोरडा पडला. मी स्वतः प्रयत्न केला, पण माझं वय आणि स्वभाव दोन्ही आड आले. शेवटी कवितानेच कोणाकोणाला ताक पाजून काम भागवलं.

दुसऱ्या दिवशी प्रोटियसच्या नळकांड्यात थोडी कणी धरली होती. बाकी दोघांच्या नळकांड्यांत गढूळपणा होता, पण खडा एकही नव्हता. आणि चौथ्यातला तुकडा पांढरा होऊन पार बुजला होता.

मी प्रज्ञाला बाजूला घेतलं. "अगं, एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. हा निव्वळ योगायोग असू शकतो. पुन्हा पुन्हा करायला हवा."

"करूच सर. सिद्ध तुम्हाला करायचंय. मला आज फक्त चौबळ सरांचं डोकं इकडे वळवायचंय."

चौबळ आले. चष्मा वर करून चारही नळकांडी उजेडात धरून पाहिली. चौथं पुन्हा पाहिलं.

"मॅडम, यात तुम्ही खडू टाकलात का?"

"नाही सर," प्रज्ञा म्हणाली. "फक्त शेजार दिला."

*

आता जे सांगतो त्यात हसायचं थोडंच आहे.

चौबळ विचार करतो म्हणाले. त्याच आठवड्यात एका दुपारी सुमनवहिनींची हाक आली. मेश्राम थंडीने थडथडत होते, दात वाजत होते, पिशवी रिकामी. नळी पुन्हा बुजली होती. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत त्यांचं ब्लडप्रेशर घसरू लागलं आणि ते मला 'प्रोफेसर' म्हणायचं सोडून 'साहेब' म्हणू लागले. कोणत्या साहेबाशी बोलत होते, कोण जाणे.

लघवीतले जंतू रक्तात उतरतात ती ही वेळ. इथून पुढे तास मोलाचे असतात. (पुढे रक्ताच्या तपासणीत त्या तिघांतले दोघे सापडलेच.) पण त्या दुपारी रिपोर्ट हातात नव्हता. चौबळ माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"सर, म्होरक्याचं औषध वाढवू की तिघांना धरून देऊ? दुसऱ्या औषधाने किडनीवर ताण येईल. तुम्हाला काय वाटतं?"

मला दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे दिसत होते. एवढं शिकल्याचा हाच तोटा असतो. मी घसा साफ केला. "त्याचं काय आहे, एका बाजूने पाहिलं तर तिघांना धरूनच द्यावं. आणि नळी आधी बदलावी, कारण जुन्या नळीत त्यांचं बिऱ्हाड आहे, आणि नमुना नव्या नळीतून घ्यावा. आता दुसऱ्या बाजूने पाहिलं तर..."

सुमनवहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "दुसरी बाजू ते बरे झाल्यावर सांगा!"

चौबळांनी नळी बदलायला घेतली.

*

तिसऱ्या दिवशी मेश्रामांनी शुद्धीवर येऊन पहिलं काय केलं, तर मान वाकवून पिशवी कुठे टांगली आहे ते पाहिलं. "फूटभर आणखी खाली घ्या," असं नर्सला म्हणाले. सुमनवहिनी बाहेर जाऊन रडून आल्या.

तेव्हापासून लॅबमध्ये एक रीत पडली. लघवीत एकाहून जास्त जंतू वाढले, तर 'दूषित' लिहिण्याआधी वॉर्डात फोन करायचा आणि विचारायचं, पेशंटला नळी आहे का? असली तर तो नमुना टाकायचा नाही, सगळ्यांची नावं कळवायची.

हा फोन कविता करायची. आणि तिला एक प्रश्न जास्त विचारायची सवय.

"नळी आहे का?"

"आहे."

"का आहे?"

"म्हणजे... घातली होती."

"ते कळलं. अजून का आहे?"

"डॉक्टरांना विचारून सांगते."

बऱ्याच नळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांनाही सांगता येईना. घातली गेली होती आणि राहून गेली होती, एवढंच. मग ती संध्याकाळपर्यंत निघायची. महिनाअखेरीला चौबळ लॅबच्या दारात उभे.

"मॅडम, तुमच्या लोकांनी माझ्या वॉर्डातल्या निम्म्या नळ्या काढायला लावल्या."

"कोणाला त्रास झाला का सर?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही," चौबळ म्हणाले. "पण तुम्हाला विचारलं कोणी होतं?"

आणि आत येऊन बसले, चहा घेतला, आणि मेश्रामांच्या ऑपरेशनची तारीख प्रज्ञाला विचारून ठरवली. मला वाटतं त्या लॅबच्या इतिहासात सर्जनने बसून चहा घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. चुकतही असेन.

*

ऑपरेशन झालं. छान झालं. पण युरॉलॉजीत ऑपरेशन छान झालं असं नुसतं चौबळांनी म्हणून चालत नाही. नळी काढल्यावर पेशंटला स्वतःची स्वतः लघवी व्हावी लागते. झाली तर घरी. नाही झाली तर पुन्हा नळी, पुन्हा पिशवी, आणि कदाचित पुन्हा ते तिघे.

सकाळी नळी काढली. मेश्राम पाणी पीत बसले. नर्सने त्यांच्या हातात प्लास्टिकचा मोठा मापाचा जार दिला आणि सांगितलं, "यात करा काका, मोजायची आहे."

मेश्राम जार घेऊन खोलीतल्या बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली.

बाहेर सुमनवहिनी. मी. चौबळ सहज आल्यासारखे आले आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. प्रज्ञा 'इकडून चालले होते' म्हणत आली. तिची लॅब तळमजल्यावर आहे आणि हा तिसरा मजला. तिच्यामागे कविता. तिघा डॉक्टरांच्या पदव्या एकत्र लिहिल्या तर दाराची पाटी पुरणार नाही, आणि आम्ही सगळे कान देऊन उभे.

काही नाही.

नर्सने युक्ती म्हणून बाहेरच्या बेसिनचा नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकून होते म्हणतात.

आतून आवाज आला, "नळ बंद करा! पाणी फुकट चाललंय!"

नळ बंद झाला. पुन्हा शांतता. मी सुमनवहिनींना धीर द्यायला म्हणालो, "कधीकधी वेळ लागतो. पहिल्या दिवशी नाही झाली तरी घाबरण्यासारखं तसं काही..."

"भाऊजी, गप्प बसा."

"बाहेर किती जण आहेत?" आतून मेश्राम.

"कोणी नाही, मीच आहे," सुमनवहिनी म्हणाल्या.

"मघाशी प्रोफेसर बोलले."

आम्ही चौघे चवड्यांवर चालत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. एवढा मोठा सर्जन, पण बूट हातात घेऊन चालला होता. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि श्वाससुद्धा बेताने घेऊ लागलो.

आणि मग आवाज आला. आधी अडखळत. मग थांबला. सुमनवहिनींनी पदर तोंडाशी धरला. मग पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी थांबायचं नावच घेईना. चौबळ घड्याळाकडे पाहत होते, पण त्यांना काटे दिसत नसावेत, कारण चष्मा त्यांनी पुसायला काढलेला होता.

कडी निघाली. मेश्राम दारात उभे राहिले. अंगावर हॉस्पिटलचा झगा, केस विस्कटलेले, आणि दोन्ही हातांत जार, पूजेचा कलश धरावा तसा. भरलेला. स्वच्छ, पिवळा, पारदर्शक.

कोणीतरी टाळी वाजवली. बहुतेक नर्सने. मग सगळ्यांनीच.

प्रज्ञा पुढे झाली. इतक्या वर्षांची सवय! तिने ॲप्रनच्या खिशातून निर्जंतुक बाटली काढली, तिचं झाकण उघडलं आणि म्हणाली, "काका, कल्चरला थोडीशी..."

मेश्रामांनी जार छातीशी घट्ट धरला आणि दोन पावलं मागे सरकले.

"एक थेंब मिळणार नाही!"